प्रदानसाधने, किरकोळ व्यापारातील : सिंधुदुर्ग किनारा

विकत घेतलेल्या मालाची किंमत चुकती करण्यासाठी ग्राहक ज्या साधनांचा उपयोग करतो, त्यांना प्रदानसाधने असे म्हणतात. नाणी व नोटा, उधारीचे खाते, धनादेश, क्रेडिट व डेबिट कार्डे आणि भ्रमणध्वनीवरून होणारे प्रदान ही त्यांतील प्रमुख होत. हुंडी आणि मनीऑर्डर ही साधने सहसा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचत नाहीत. तथापि गल्ल्यात पडणारा पैसा पुष्कळदा त्यांच्याच वाटेने आलेला असल्यामुळे त्यांचाही विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

दुकानात धनादेश द्यावा की कार्ड, हा प्रश्न इंग्लंड, अमेरिका इ. देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बराच काळ चर्चिला गेला. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर तो त्या स्वरूपात कधीच उभा राहिला नाही. येथे धनादेश किरकोळ दुकानाच्या गल्ल्यापर्यंत क्वचितच आला. कार्ड उशिरा आले आणि त्याचे बस्तान बसण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवरील प्रदान पुढे निघून गेले. याचे कारण लोकांच्या मागासलेपणात शोधणे बरोबर नाही. माल ग्राहकाच्या हाती पडतो आणि पैसा दुकानदाराच्या हाती पडतो, या दोन घटनांमध्ये काही काळ जातो व त्या काळातील जोखीम कोणाला तरी सोसावी लागते. ती कोणी सोसावयाची, या प्रश्नाला प्रत्येक प्रदानसाधन वेगळे उत्तर देते. या किनाऱ्यावर ते उत्तर दीर्घकाळ उधारीच्या वहीने दिले आणि नव्या प्रत्येक साधनाला त्या वहीशीच स्पर्धा करावी लागली.

प्रदेश व पूर्वपीठिका : सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण ओरोस बुद्रुक हे असून मालवण, वेंगुर्ले व देवगड हे तीन तालुके समुद्रकाठी आहेत. मालवणजवळील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावरून जिल्ह्याला हे नाव मिळाले.

हा किनारा फार पूर्वीपासून परकीय व्यापाराच्या मार्गावर असल्याने येथे नाना प्रकारची नाणी चालत. आदिलशाही काळात कोकणच्या बंदरांत लारी हे नाणे प्रचलित होते. चांदीची तार मधोमध दुमडून ते तयार करीत व त्याचा आकार केसांच्या काट्यासारखा दिसे. बाजारातील लहान व्यवहारांसाठी शिवराई हे तांब्याचे नाणे वापरात होते आणि मराठी राज्याचा अस्त झाल्यानंतरही ते बराच काळ टिकले. डचांनी १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्यास वखार घातली. मालवण व वेंगुर्ले ही दोन्ही बंदरे १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेली. सावंतवाडी संस्थान मात्र १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत टिकून होते. दक्षिणेकडील गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली रुपिया व पुढे एस्कुदो हे चलन डिसेंबर १९६१ पर्यंत चालू होते. परिणामी दोन-तीन चलनांचा हिशेब ठेवणे, नाणे पारखणे व वटणावळ आकारणे ही कामे येथील व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडली होती. पैशाचे मोल तो देणाऱ्याच्या पतीवर अवलंबून असते, हे त्यांना बँका येण्यापूर्वीच ठाऊक होते.

हुंडी : दूरच्या पेठेतील देणे फेडण्यासाठी रोख रक्कम नेणे धोक्याचे असल्याने व्यापारी हुंडीचा आश्रय घेत. दाखविताच पैसे मिळणारी ती दर्शनी हुंडी आणि ठरावीक मुदतीनंतर पैसे मिळणारी ती मुदती हुंडी होय. शहाजोग हुंडीचे पैसे केवळ पेठेतील प्रतिष्ठित, ओळखीच्या व्यापाऱ्यासच देण्याचा रिवाज होता. पुढे रेखांकित धनादेशाने जे संरक्षण दिले, त्याच्याशी तिचे बरेच साम्य आहे. समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापारात जोखमी हुंडीचे महत्त्व विशेष होते. माल घेऊन निघालेले गलबत सुखरूप पोहोचले तरच तिचे पैसे देय होत. ते बुडाल्यास हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडत. म्हणजे पैसे पाठविणे आणि विमा उतरविणे ही दोन्ही कामे एकाच कागदावर होत व समुद्राची जोखीम कोणाकडे आहे, हे आधीच ठरलेले असे.

परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ मध्ये संमत झाला. धनादेश, वचनचिठ्ठी आणि विनिमयपत्र यांचे नियमन त्याने केले. परंतु देशी भाषांतील संलेखांविषयीच्या स्थानिक रूढींना त्याने धक्का लावला नाही. त्यामुळे हुंडी व धनादेश या दोन पद्धती दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदल्या. हुंडीमागे पेढीची अब्रू असे, तर धनादेशामागे बँकेतील शिल्लक. दोन्ही साधने घाऊक व्यापाराची होती. पावशेर गूळ घेणाऱ्या ग्राहकाशी त्यांचा संबंध नव्हता.

मनीऑर्डर व उधारीची वही : १८८० नंतरच्या दशकात मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याच्या बंदराचा व्यापार उतरणीस लागला. त्याच सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांना मनुष्यबळाची गरज वाढत होती. डोंगराळ जमीन, तोकडी भातशेती व पावसाळ्यात बंद पडणारी मासेमारी यांमुळे दक्षिण कोकणातील पुरुष मोठ्या संख्येने मुंबईस गेले. कुटुंब गावी आणि मिळवता पुरुष मुंबईत, अशी ही घडी होती. या मुंबईकरांना कोकणात चाकरमानी असे म्हणतात.

चाकरमान्याचा पैसा गावी पोहोचविण्याचे काम डाकखात्याने केले. भारतीय डाकखात्याने १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डरची सेवा सुरू केली. पाठविणारा रक्कम व कमिशन डाकघरात भरी आणि गावचा पोस्टमन घरी जाऊन रोख रक्कम मोजून देई. घेणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि आवश्यक तेथे साक्षीदार एवढ्यावर व्यवहार पुरा होई. मनीऑर्डरच्या फॉर्मला जोडलेल्या कुपनावर दोन ओळींचा मजकूर लिहिण्याची सोय असल्याने पैशाबरोबर खुशालीही कळे. कमिशनचा दर अखेरच्या काळात शेकडा पाच होता, म्हणजे लहान रकमांच्या मानाने तो हलका नव्हता. तरीही बँकेची शाखा, खाते व लिहितावाचता येणे यांपैकी कशाचीच गरज नसलेले ते एकमेव साधन होते. कोकणातील या व्यवस्थेला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था असे नाव पडले, ते यथार्थ होय.

मनीऑर्डर महिन्यातून एकदा येई. मीठ, तेल, तांदूळ मात्र रोज लागत. हे अंतर गावच्या दुकानदाराने उधारीवर भरून काढले. घेतलेल्या जिनसा व त्यांची किंमत वहीत टिपून ठेवावयाची आणि मनीऑर्डर आली की हिशेब करून रक्कम जमा करावयाची, ही पद्धत सर्वत्र होती. पुष्कळ ठिकाणी एक वही दुकानात व दुसरी ग्राहकाच्या घरी असे. राहिलेली बाकी गणेशचतुर्थीस अथवा शिमग्यास चाकरमानी गावी आला म्हणजे फेडली जाई. मच्छीमार कुटुंबांचा हिशेब वेगळ्या ऋतुमानाने चाले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, तेव्हा वही वाढे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होऊन रापणीचे वाटे मिळू लागले, की ती उतरे.

उधारीची वही ही येथील खरी पतव्यवस्था होती. आधुनिक क्रेडिट कार्डाची बहुतेक लक्षणे तीत दिसतात : ठरावीक मुदतीची उधारी, खातेदाराची पत जोखून ठरविलेली मर्यादा, मासिक हिशेब आणि थकबाकीदाराची पुढील उचल बंद करणे. फरक एवढाच, की पत जोखणारा दुकानदार ग्राहकाच्या घराला, शेताला व मुंबईतील नोकरीला ओळखत असे आणि पैसे बुडण्याची जोखीम त्याची एकट्याची असे. या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. उधारी असलेल्या ग्राहकास दुसऱ्या दुकानात जाणे कठीण पडे. भाव, वजन वा मालाची प्रत यांविषयी तक्रार करण्यास तो कचरे. वही लिहिणारा एक व ती वाचू न शकणारा दुसरा, असे असल्यास नोंदीच्या खरेपणाची हमी केवळ दुकानदाराची नीतिमत्ता हीच असे. घर चालविणाऱ्या व बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना याची झळ अधिक लागे.

मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सु. अडीच लाख कामगारांचे वेतन थांबले व अनेकांना गावी परतावे लागले. मनीऑर्डरच्या ओघाला बसलेला हा धक्का पुढे पूर्णपणे भरून निघाला नाही. मुंबईतील पगार आणि गावची वही यांची सांगड किती घट्ट होती, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

धनादेश : विशिष्ट बँकेवर काढलेला आणि मागणी करताच देय असणारा लेखी आदेश म्हणजे धनादेश होय. सहकारी संस्था, टपाल बचत बँक आणि व्यापारी बँका यांच्याद्वारे बँकव्यवसायाची ओळख या भागात हळूहळू झाली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षीच्या अग्रणी बँक योजनेमुळे ग्रामीण शाखाविस्ताराला चालना मिळाली. सिंधुदुर्ग जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणून बँक ऑफ इंडियाकडे जबाबदारी आहे.

धनादेशाचा प्रसार येथे झाला तो वरच्या थरातील व्यवहारांत. कोल्हापूर वा बेळगावच्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे, शाळा व कार्यालयांची देयके, सहकारी संस्थांचे व्यवहार आणि हप्त्याने घेतलेल्या वाहनांसाठी दिलेले पुढील तारखांचे धनादेश ही त्याची क्षेत्रे होत. देवगडच्या हापूस आंब्याचा बागायतदार पेट्या मुंबईच्या आडत्याकडे पाठवी. आडत्या विक्रीची पट्टी व तिच्यासोबत धनादेश किंवा ड्राफ्ट धाडी. आयकर कायद्यानेही या वापरास हातभार लावला. १९६८ च्या वित्त अधिनियमाने घातलेल्या ४० अ (३) या कलमानुसार व्यापारातील २,५०० रुपयांवरील खर्च रेखांकित धनादेश वा ड्राफ्ट यांनी न केल्यास त्याची वजावट नाकारली जाई. ही मर्यादा पुढे वेळोवेळी बदलली.

यातून एक लक्षणीय स्थिती निर्माण झाली. घाऊक व्यापाऱ्यास धनादेश देणारा दुकानदार स्वतःच्या ग्राहकाकडून मात्र धनादेश घेत नसे. त्याची कारणे व्यवहार्य होती. परगावच्या शाखेवरील धनादेश टपालाने त्या शाखेकडे जाई व वसूल होऊन येण्यास आठवडे लागत; शिवाय त्यावर वटणावळ कापली जाई. समाशोधनगृहाची सोय मोठ्या शहरांत होती. चुंबकीय शाईच्या अक्षरांवरून धनादेशांची यांत्रिक छाननी १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली, तीही प्रथम महानगरांत. पर्यटकाने मुंबईतील खात्यावर दिलेला धनादेश मालवणच्या दुकानदारास वटलेला कळेपर्यंत ग्राहक व माल दोन्ही दूर गेलेले असत. ओळखीच्या ग्राहकाला धनादेशाची गरज नव्हती, त्याच्यासाठी वही होती. अनोळखी ग्राहकाचा धनादेश घेणे धोक्याचे होते. अशा रीतीने धनादेशाला गल्ल्यावर जागाच उरली नाही.

धनादेश न वटल्यास शिक्षेची तरतूद करणारे १३८ वे कलम १९८८ च्या दुरुस्ती अधिनियमाने परक्राम्य संलेख अधिनियमात घालण्यात आले आणि १ एप्रिल १९८९ पासून ते अमलात आले. त्यात एक वर्षापर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड अशी शिक्षा होती. २००२ च्या दुरुस्तीने कारावासाची मर्यादा दोन वर्षे झाली. परंतु लेखी सूचना पाठविणे, पैसे भरण्यास पंधरा दिवसांची मुदत देणे व त्यानंतर महिन्याच्या आत न्यायालयात फिर्याद दाखल करणे, हा मार्ग दोनशे रुपयांच्या किराणा मालासाठी कोणी चोखाळणे शक्य नव्हते. कायद्याने धनादेशाला घाऊक व्यापारात बळ दिले. किरकोळ दुकानदाराची अडचण त्याने दूर झाली नाही.

पाश्चात्त्य देशांत हीच अडचण निराळ्या मार्गाने सोडविली गेली. ब्रिटनमध्ये १९६९ च्या सुमारास धनादेश-हमी कार्ड प्रचारात आले. धनादेशाच्या मागे कार्डाचा क्रमांक लिहिल्यावर ठरावीक रकमेपर्यंतचा धनादेश बँक न वटविता परत करू शकत नसे. म्हणजे जोखीम दुकानदाराकडून बँकेकडे सरकली आणि म्हणूनच धनादेश दुकानांत रुळला. ही हमी योजना जून २०११ अखेर बंद झाली. अमेरिकेतही किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत धनादेशाने पैसे देण्याची चाल दीर्घकाळ होती. २००३ च्या सुमारास तेथे इलेक्ट्रॉनिक प्रदानांची संख्या धनादेशांहून अधिक झाली. भारतातील किरकोळ व्यापारात बँकेच्या हमीची अशी व्यवस्था रुजली नाही. धनादेशाची प्रतिमा पाठवून तो वटविण्याची पद्धत भारतात २००८ मध्ये नवी दिल्ली येथे सुरू झाली व २०२१ मध्ये सर्व शाखांपर्यंत नेण्यात आली. मात्र तोपर्यंत गल्ल्यावरील स्पर्धा संपलेली होती.

कार्ड : कार्डाने धनादेशातील मूळ दोष दूर केला. यात दुकानदाराचा व्यवहार ग्राहकाच्या शिलकीशी नसून बँकेच्या वचनाशी असतो. डायनर्स क्लब ही संस्था १९५० मध्ये अमेरिकेत निघाली आणि १९६१ मध्ये तिचे कार्ड भारतात आले. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये सेंट्रलकार्ड काढून भारतीय बँकांच्या क्रेडिट कार्डाचा पाया घातला. प्रारंभीच्या काळात कार्डावरील उठावाच्या अंकांचा ठसा हाताने चालविण्याच्या यंत्रात कार्बनच्या पावतीवर घेत. दुकानदारास रद्द झालेल्या कार्डांची छापील यादी पाहावी लागे आणि रक्कम मोठी असल्यास दूरध्वनीवरून बँकेची अनुमती घ्यावी लागे. ही व्यवस्था महानगरांतील हॉटेले, विमानकंपन्या व मोठी दुकाने यांच्यापुरती होती. जेथे दूरध्वनीच मोजके होते, अशा किनारपट्टीच्या बाजारपेठांत तिचा प्रसार होणे कठीण होते.

यानंतर परिस्थिती बदलली. एप्रिल १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली. तारकर्ली, मालवण, वेंगुर्ले येथे अनोळखी ग्राहकांची ये-जा वाढली. वहीत नाव नसलेला, धनादेश घेण्याजोगा नसलेला, पण खर्च करण्याची ऐपत असलेला हा ग्राहक होता. त्याच्यासाठी हॉटेले, पेट्रोल पंप व मोठी दुकाने येथे कार्डयंत्रे बसू लागली. स्थानिकांच्या हाती डेबिट कार्ड आले, त्याचा उपयोग मात्र प्रामुख्याने एटीएममधून रोख रक्कम काढण्यासाठी होई. भारतातील पहिले एटीएम १९८७ मध्ये मुंबईत सुरू झाले होते. रुपे या देशी कार्डाचा प्रारंभ २०१२ मध्ये झाला व ऑगस्ट २०१४ मधील जनधन योजनेमुळे ते गावोगावी पोहोचले.

लहान दुकानदाराने कार्डयंत्र न घेण्यामागे हिशेब होता. यंत्राचे भाडे, दूरध्वनीची जोडणी, विजेचा खोळंबा आणि प्रत्येक विक्रीमागे बँकेने कापून घ्यावयाची रक्कम हे सर्व त्याच्या माथी पडे. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये डेबिट कार्डासाठी या कपातीची मर्यादा २,००० रुपयांपर्यंत ०.७५ टक्के व त्यावर १ टक्का अशी ठरवून दिली. क्रेडिट कार्डाची कपात याहून अधिक असे. साखर, तेल यांसारख्या जिनसांवर मिळणारा नफाच जेथे थोडा, तेथे ही कपात जड वाटणे स्वाभाविक होते. धनादेशात दुकानदाराला जोखीम सोसावी लागे, तर कार्डात जोखमीऐवजी खर्च. कार्ड हे बुडीताच्या भीतीपासून सुटका करून घेण्याचे मोल होते आणि ज्याचे गिऱ्हाईक ओळखीचे होते, त्याला ते मोजण्याचे कारण दिसत नव्हते.

निश्चलनीकरण व भ्रमणध्वनीवरील प्रदान : ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. मूल्याच्या दृष्टीने चलनातील सु. ८६ टक्के नोटा एका रात्रीत निरुपयोगी ठरल्या. पर्यटनाचा व मासळीचा तो हंगाम होता. बाजारात सुटे पैसे नाहीत व बँकांसमोर रांगा, अशा स्थितीत ओळखीच्या ग्राहकांना वहीचाच आधार राहिला. याच सुमारास, १ डिसेंबर २०१६ रोजी, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. बँक ऑफ बडोदाच्या साहाय्याने तेथील दुकानदारांना कार्डयंत्रे देण्यात आली. पुढे चलनपुरवठा पूर्ववत झाल्यावर तेथील व्यवहार बव्हंशी पुन्हा रोखीकडे वळले. कार्डयंत्र पुरविल्याने सवय बदलतेच असे नाही, हा या प्रयोगाचा बोध होय.

सवय बदलली ती यूपीआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीमुळे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने एप्रिल २०१६ मध्ये तिचा प्रारंभ केला. ग्राहकाने दुकानातील क्यूआर संकेतचित्र भ्रमणध्वनीने टिपावयाचे, रक्कम व गुप्त क्रमांक घालावयाचा, की काही क्षणांत त्याच्या खात्यातील पैसे दुकानदाराच्या खात्यात जमा होतात. दुकानदाराला यंत्र लागत नाही. छापील कागदाचा तुकडा पुरतो. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील दुकानदाराची कपातही शासनाने रद्द केली. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरातील यूपीआय व्यवहारांची मासिक संख्या १,००० कोटींवर व ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर गेली. धनादेशात माल व पैसा यांमधील अंतर आठवड्यांचे होते, कार्डात ते एक-दोन दिवसांचे झाले. यूपीआयने ते जवळजवळ नाहीसे केले. त्यामुळे कोणी कोणावर भरवसा ठेवावयाचा, हा प्रश्नच मिटल्यासारखा वाटू लागला. जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारी ध्वनिपेटी दुकानात आल्यावर भ्रमणध्वनी हाती घेऊन पाहण्याचीही गरज राहिली नाही. मासे कापीत बसलेल्या, हात ओले असलेल्या विक्रेतीस तिचा उपयोग विशेष होतो.

मनीऑर्डरही याच प्रवाहात मागे पडली. जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद होऊन तिची जागा इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरने घेतली होती. आता मुंबईतील मुलगा आईच्या खात्यावर क्षणात पैसे पाठवू शकतो. पोस्टमनची वाट पाहणे संपले, तसा वहीचा एक मोठा आधारही संपला.

जोखमीचे नवे स्वरूप : प्रदान तात्काळ झाले, म्हणून जोखीम नष्ट झाली असे मात्र नाही, तिने जागा बदलली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून गेले. झाडे व विजेचे खांब कोसळून अनेक गावांचा वीजपुरवठा व भ्रमणध्वनीसंपर्क तुटला. अशा वेळी खात्यातील शिल्लक असूनही ती वापरता येत नाही. नोट आणि ओळख या दोनच गोष्टी चालतात. पूर्वी समुद्राची जोखीम जोखमी हुंडीत नोंदलेली असे. वादळाने संपर्क तुटल्यास होणाऱ्या खोळंब्याची जोखीम आज कोणत्याही कागदावर नोंदलेली नाही. ती ग्राहक व विक्रेता यांनी परस्पर वाटून घ्यावयाची असते. पैसे भरल्याचे खोटे चित्र दाखवून माल नेणे, पैसे मिळतील असे भासवून गुप्त क्रमांक घालावयास लावणे, हे फसवणुकीचे प्रकारही नव्याने उद्भवले. बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना सुरू केली आहे. तथापि लहान रकमेसाठी तिचा अवलंब करणारा विक्रेता विरळाच.

दुसरा बदल अधिक खोलवरचा आहे. यूपीआयने प्रदान सोपे केले, पण मूळ व्यवहारात उधारी नाही. खात्यात पैसे असतील तरच ते जातात. वहीचे काम नेमके याच्या उलट होते : पैसे नसतानाच्या दिवसांत ती उपयोगी पडे. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असताना मच्छीमार कुटुंबाला, किंवा हंगाम हुकलेल्या वर्षी लहान आंबा बागायतदाराला, झटपट प्रदानाची नव्हे, तर थांबण्यास तयार असलेल्या दुकानदाराची गरज असते. बँका व वित्तसंस्था आता भ्रमणध्वनीवरून कर्ज देऊ करतात आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते. परंतु तेथे पत जोखली जाते ती नियमित उत्पन्नाच्या नोंदींवरून. रापणीच्या वाट्यावर जगणाऱ्याची कमाई ऋतूप्रमाणे चढतउतरत असल्याने अशा नोंदीत तो सहज बसत नाही.

म्हणूनच सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील लहान दुकानात अजूनही रोख रकमेचा गल्ला, क्यूआर संकेतचित्र आणि उधारीची वही या तिन्ही गोष्टी एकत्र आढळतात. पर्यटक संकेतचित्राकडे वळतो, बाजाराला आलेला शेजारच्या गावचा माणूस नोट देतो आणि शेजारीण वहीत लिहून ठेवण्यास सांगते. या तिन्हींत जुने व नवे असा भेद करण्यापेक्षा प्रत्येक साधन कोणाची जोखीम कोणाकडे सोपविते, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. धनादेश या गल्ल्यावर टिकला नाही, कारण त्याने सारा भार दुकानदारावर टाकला. कार्ड रुजले नाही, कारण भार उचलण्याचे मोल त्याने दुकानदाराकडूनच घेतले. यूपीआय रुजले, कारण त्याने दोन्ही टाळले. मात्र पैसे नसलेल्या ग्राहकाचा भार अद्याप वहीच उचलते आणि ती वही गावच्या दुकानदाराच्या भांडवलावर चालते. रोकडरहित व्यवहारांचे धोरण आखताना वहीचे हे काम कोण करणार, याचा विचार झाला नाही, तर सोयीच्या वाढीबरोबर हंगामी उत्पन्नाच्या कुटुंबांची पत घटण्याचा संभव आहे.